जुव्यावरची वहिवाट

रविवार, २१ सप्टेंबर १९८६

यांना बोटीच्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी मिळते आणि ती माझ्याकडे येते. सोळा वर्षांत मी एकीतही ओळ लिहिली नाही. दोघींवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, एकीची पानं मसाल्याच्या पुड्यांना गेली. आज लिहावंसं वाटलं, कारण आज माझ्या अक्षराचं कौतुक झालं.

दाजी भावोजी आले होते. हे यांचे चुलतभाऊ. खाडीच्या मधोमध आमचा जुवा आहे, चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा, त्यावर माझ्या सासऱ्यांनी लावलेले एकोणपन्नास माड. सासरे गेले, हे दहा दहा महिने बोटीवर, आणि मी कुडाळकडची, विहिरीवर पाणी काढतानासुद्धा काठ घट्ट धरणारी. लग्न होऊन देवबागात आले त्या दिवसापासून एकदाही होडीत बसलेली नाही. तेव्हा तीन वर्षं भावोजीच जुव्यावर जातात, नारळ पाडतात आणि अर्धे आमच्या खळ्यात आणून टाकतात. मी एकदा म्हटलं, मीही येऊन बघते. तर म्हणाले, "वयनी, तुमी कित्या तरास घेतास? मी आसंय मा."

आज त्यांना एक चिठ्ठी हवी होती. माडाची सरकारी रोपं मिळण्यासाठी लागते म्हणे. मी यांचं शाईचं पेन काढून लिहून दिली: जुव्यावरील माडांची लागवड व देखरेख श्री. दाजी हे गेली तीन वर्षे करीत आहेत, आमची हरकत नाही. खाली सही. भावोजी म्हणाले, असं अक्षर मामलेदार कचेरीतसुद्धा नाही.

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर बोलल्या नाहीत. गुडघे दुखत असतील.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कोतवाल गणपत नोटीस देऊन गेला. तीनदा वाचली. दाजी भावोजींनी अर्ज केला आहे की जुव्यावर ते कूळ आहेत, जमीन तेच कसतात, सबब सातबाऱ्यावर त्यांचं नाव लावावं.

तलाठ्यांकडे धावत गेले. त्यांनी फाईल उघडली आणि सगळ्यांत वर माझीच चिठ्ठी. "अक्षर सुंदर आहे तुमचं," तलाठी म्हणाले. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः जुव्यावर शेवटच्या कधी गेला होता?" कधीच नाही, मी म्हटलं. "घरातलं दुसरं कोणी?" तेही नाही. मग ते समजावून म्हणाले की डिसेंबरात त्यांच्या वरचे सर्कल साहेब जागेवर पाहणीला येतील, तेव्हा जमीन कोण कसतं ते त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. चिठ्ठीपेक्षा पाहणी मोठी. पण पाहणीत घरचं कोणी दिसलंच नाही, तर जुवा गेला म्हणून समजा.

भावोजींचे कोणीतरी कान भरले असणार. ते मनाने असे नाहीत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

महादूकडे गेले, जुव्यावर नेऊन सोड म्हणून. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "वयनी, होडी गळता." होडी त्याच्या मागे कोरडी ठणठणीत उभी होती. दुसऱ्याने सांगितलं वेळ नाही. तिसरा निदान खरं बोलला: "दाजीन सांगितल्यान हा, तुमका नेव नको. माका तेच्यावांगडा ऱ्हवचा आसा."

घरी येऊन रडले. माई म्हणाल्या, "रडान पाणी वाढता, कमी होना नाय." त्यांना माणसाचं दुःख कळतच नाही. संध्याकाळी त्या गुडघे धरत धरत वाडीत कुठेशा जाऊन आल्या. पदराखाली चार नारळ नेले होते, येताना रिकाम्या हाताने.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

योगायोग बघा. आज कावेरी आपणहून दारात आली. ही वाडीतली गाबीतीण, मासेमारांपैकी, साठीच्या घरातली, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलातून मुळे आणि तिसऱ्या असल्या शिंपल्या काढून विकते. तिची एक होडकी आहे, आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, जेमतेम माणूसभर रुंद. ती खांबाला टेकून म्हणाली, "वयनी, मी तुका जुव्यार नेवचंय नाय. माका हयसर ऱ्हवचा आसा. पण वल्हा मारूक शिकवीन. शिकतलंस?"

मी म्हटलं, मला पोहता येत नाही. ती म्हणाली, "होडयेकय खंय येता?"

हो म्हणून बसले आहे. 

रविवार, १२ ऑक्टोबर

पहिला दिवस. सकाळी दोरीवर माईंचं जुनं नऊवारी लुगडं टाकलेलं होतं. माई ओरडल्या, "ता धुवचा आसा, खंयय घेऊन जा." त्यांना कुणाला तरी ओरडायला लागतंच. मला मात्र सोयीचं झालं, पाचवारीत होडीत बसताच येत नाही. कासोटा घालून खाडीवर जाताना अख्खी वाडी बघते आहे असं वाटलं. बघतच होती.

होडकीत पाय ठेवला आणि ती माझ्याखालून निघून गेली. मी गुडघाभर पाण्यात बसले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कावेरीने माझे खांदे धरून दाबले आणि तळावर बसवलं. "उबी ऱ्हवा नको. ढुंगण खाली, ढोपरां फाकून. होडी म्हणजे पाट नाय, तिका तुजा वजन खाली होया." मग ती काठावर बसून पान खात राहिली आणि मी वल्हं मारत राहिले. उजवीकडे मारलं की होडकी डावीकडे वळते, डावीकडे मारलं की उजवीकडे. तासभर मी एकाच जागी गोल फिरले. खाडीवरच्या पोरांनी मोजलं, अठरा फेऱ्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज कावेरीने मला न सांगता होडकी उलटी केली. छातीभर पाणी होतं, पण ते मला मागाहून कळलं. नाकात, कानात, डोक्यात पाणी. मी तिला जे शब्द वापरले ते मला येतात हेच मला ठाऊक नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "बुडालंस? नाय मा. आता पालथ्ये होडयेक धर. होडी सोडूची नाय, काय झाला तरी."

असं पाच वेळा केलं. पाचव्यांदा मी होडकी सोडली नाही.

पोहायलाही थोडं शिकवते आहे. दोन सुके असोले, न सोललेले नारळ सोडणाने, त्यांच्या वरच्या सालीने, एकमेकांना बांधायचे आणि काखेत घ्यायचे, माणूस वर राहतो. मला चारच हात मारता येतात, पाचव्याला तोंडात पाणी जातं. नारळांची जोडी आमच्याच पडवीत टांगलेली सापडली. माईंना विचारलं, ही कुणी बांधली, तर म्हणाल्या, "माका काय म्हाईत? बुडान मरतलंस एक दिवस." असं मेलं अभद्र बोलणं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी संपत आली. होडकी आता सरळ जाते. उजवीकडे दोनदा, डावीकडे एकदा, आणि नजर पाण्यावर नाही, पलीकडच्या माडावर. आत येणारं पाणी करवंटीने उपसायचं, तेही वल्हं न सोडता. हातांना घट्टे पडले. भाकरी थापताना आधी दुखायचे, आता तेही नाही.

भावोजी खाडीवर भेटले. हसून म्हणाले, "वयनी, हौस बरी आसा तुमची." मीही हसले. वाईट वाटलं त्यांच्याबद्दल. कसल्या नादाला लागलेत बिचारे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज मेलेच होते.

खाडी ओलांडायची ती पाणी पूर्ण भरून उभं राहतं तेव्हा. ते पाव-अर्धा तास थांबतं, मग सुकती लागते. वेळ काढायची रीत सोपी: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. कावेरी बोटांवर करते, मी तर पंचांगवाल्यांच्या घरातली. आज आमच्याकडे एकादशी, सकाळी उठून उपास धरला. अकराची पाऊणपट सव्वाआठ. एकटीच निघायचं आणि कावेरीला चकित करायचं असं ठरवलं. बरोब्बर सव्वाआठला वल्हं मारलं.

पाणी उभं नव्हतंच. भरती अजून आत घुसत होती. खाडीच्या मध्यावर होडकी माझ्या हातातून गेली, मी उजवीकडे दोनदा मारते तर ती आपली वर, नेरूरच्या दिशेला. जुवा डाव्या हाताला येऊन मागे गेला. ओरडले, पण ऐकणार कोण. शेवटी कांदळाच्या मुळांत जाऊन अडकले. चिखल, खेकडे, आणि मी मुळाला मिठी मारून. एक गोष्ट केली, होडकी सोडली नाही.

पाणी उतरल्यावर कावेरी चिखलातून कमरेपर्यंत रुतत आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी खंयची?" एकादशी, मी म्हटलं. "एकादशी काल झाली. आज द्वादशी."

मग उजेड पडला. आमच्या घरात भागवत एकादशी पाळतात. स्मार्तांची काल होती, आमची आज. उपासाला हे चालतं. कावेरी हसून हसून चिखलात बसली. "गो बाये, दर्याक स्मार्त कळणा नाय नि भागवत कळणा नाय. तो आपलो चंद्राक बघता."

दोघींनी मिळून होडकी ओढत आणली. घरी आले तर माई पडवीत उभ्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या. उपासाच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चुलीवर अंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. जरा उशीर झाला तर एवढं कशाला, असं वाटलं.

पुन्हा जाऊ की नको? खरं लिहायचं तर नको वाटतंय. जुवा गेला तर जाईल, हे आल्यावर बघतील.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दहा दिवस खाडीकडे गेले नाही. काल रात्री जेवताना माई भाताकडे बघत म्हणाल्या की ते माड लावले तेव्हा त्या तरुण होत्या, रोपं होडीतून मांडीवर घेऊन गेल्या होत्या. एवढंच. मला झोप आली नाही.

आज अष्टमी, सगळ्यांचीच. भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी. सहा वाजता पाणी उभं. उजाडता उजाडता निघाले. कावेरी काठावर होती, पण तिने होडकीला हात लावला नाही. मध्यावर आले. डोळे मिटावेसे वाटले. मग मोठ्याने मोजायला लागले, उजवीकडे एक, दोन, डावीकडे एक. एकशे चाळीसपर्यंत मोजलं आणि तळाला वाळू घासली.

मी जुव्यावर उतरले. सोळा वर्षांनी, माझ्या स्वतःच्या हाताने. वाळूत बसून घेतलं आणि मोठ्याने हसले, एकटीच, वेड्यासारखी. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे यांना कधी सांगणार नाही.

मग माड पाहिले. एकाही माडाला आळं नाही. झावळ्या पडलेल्या तिथेच कुजताहेत, गवत कमरेइतकं. तीन वर्षांत इथे कुणी कुदळ आणलेली नाही. फक्त नारळ पाडून नेलेले, तेही अर्ध्याहून किती जास्त ते माडाखाली पडलेल्या सोडणांवरून कळत होतं. कान कुणी भरले नव्हते. माझ्याच डोळ्यांवर झापड होती.

रविवार, ३० नोव्हेंबर

रोज जाते. आज सतरावं आळं झालं. कंबर मोडली. कुदळ होडकीत आडवी ठेवायची, उभी नाही, हे एकदा भिजून शिकले.

शनिवार, ६ डिसेंबर

गणपत सांगून गेला, सर्कल साहेब शुक्रवारी बारा तारखेला सकाळी साडेआठला येणार. त्याच्या मागोमाग भावोजी. खुर्चीवर बसले, माईंची चौकशी केली. म्हणाले, "वयनी, शुक्रवारी भरतीचा पाणी. त्या होडकेन कित्या जातास? सायबांवांगडा माझ्याच होडयेत येवा. घरचीच माणसां आपण."

दोन महिन्यांपूर्वी माझे डोळे भरून आले असते. आज मला कागद दिसला, न लिहिलेला: मालकीण कुळाच्या होडीतून जागेवर आल्या. मी म्हटलं, "नको भावोजी, तुम्ही कशाला त्रास घेता. मी आहे ना."

ते उठून गेले. चहा तसाच राहिला. माईंनी तो उचलून माडाच्या मुळाशी ओतला आणि मला म्हणाल्या, "बरा बोललंस."

शुक्रवार, १२ डिसेंबर

सविस्तर लिहिते, एक शब्दही विसरायचा नाही.

एकादशी, या खेपेला दोघांचीही एकाच दिवशी. सव्वाआठला भरती. आठला निघाले, मोजत मोजत पोचले. एकोणपन्नास आळी पूर्ण, झावळ्या एका बाजूला रचलेल्या, सहा नवी रोपं लावलेली. मी एका माडाला टेकून बसले आणि वाट बघत राहिले.

साडेआठचे नऊ झाले, दहा झाले, अकरा. साहेब लोक. पाणी उतरत चाललं. कावेरी खाली चिखलात मुळे काढायला आली. साडेबारा वाजता पलीकडच्या काठावर जीप दिसली. भावोजींची मोठी होडी साहेबांना आणि गणपतला घेऊन निघाली. भावोजींसारख्या माणसाला पाणी दिसत नव्हतं असं नाही, पण साहेबांना उद्या या म्हणणार कोण? जुव्याच्या अलीकडे वाळूचा पट्टा आहे, सुकतीला तिथे घोटाभर पाणी राहतं. होडी त्यावर चढली आणि बसली.

भावोजी उतरून ढकलायला लागले. होडी हलेना. साहेब मध्ये फळीवर, मांडीवर फायली, हातात बूट. मी पाहत होते. माझ्या मनात आलं, बसू देत तिथेच संध्याकाळपर्यंत. मग आलं, ते परत गेले तर पाहणी झाली नाही, आणि पुढची तारीख भावोजीच ठरवणार.

होडकीला घोटाभर पाणी पुरतं. ढकलली, बसले, चाळीस वल्ह्यांत मोठ्या होडीच्या बाजूला लागले.

"साहेब, यात या."

साहेब घाटावरचे. त्यांनी होडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, नऊवारीकडे. "बाई, हे कोण चालवणार?"

"मी."

भावोजी म्हणाले, "सायब, नको. ती बायलमाणूस, तिका पोवाकय येना नाय." साहेबांनी विचारलं, खरं का? मी म्हटलं, "खरं आहे. मला पोहता येत नाही, साहेब. होडी येते."

साहेबांनी पाय उचलला. मी म्हटलं, उभं राहू नका, खाली बसा, गुडघे फाकून. ते मुकाट बसले. दोन्ही कडा त्यांनी अशा धरल्या की बोटं पांढरी झाली. गणपत मागून चिखल तुडवत चालत आला. होडकी जड झाली होती, कडेपासून पाणी चार बोटं खाली. मी हळू मारलं. अर्ध्यावर साहेबांनी विचारलं, "रोज येता का?" रोज, मी म्हटलं. "कोण आणतं?" मी वल्हं मारलं. त्यांना स्वतःलाच आपल्या प्रश्नाचं हसू आलं.

जुव्यावर त्यांनी बूट घातले आणि एकेक आळं पाहिलं. रोपं कधी लावली ते विचारलं, कुठला माड किडतो ते विचारलं. सतरावा, मी सांगितलं, शेंड्याला भोक आहे. गणपतने वर चढून पाहिलं, होतं. कावेरीला पंच म्हणून बोलावलं. तिने चिखलाचे हात लुगड्याला पुसले. साहेबांनी विचारलं, ही जमीन कोण कसतं? ती म्हणाली, "ही. तुमका दिसना नाय काय?" तिचा अंगठा उठवायला शाईही फारशी लागली नाही.

साहेबांनी मांडीवर फाईल ठेवून लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: सदर जागेची वहिवाट मालकांच्या घरची मंडळी स्वतः करीत असून जागेवर कूळ आढळून आले नाही. खाली मी सही केली. अक्षर चांगलं आलं नाही, हात वल्ह्याचे होते. ही सही मला पहिल्या सहीपेक्षा जास्त आवडली.

पाणी पुरतं उतरून थांबल्यावर साहेबांना मीच पलीकडे नेऊन सोडलं. भावोजी पट्ट्यावर होडीत बसून होते, भरतीची वाट बघत. जाताना मी त्यांना विचारलं, पाणी प्यायला हवं का. त्यांनी मान फिरवली.

घरी येऊन माईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन देवापुढे बसल्या, बराच वेळ बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मग म्हणाल्या, "उपासाचा काय खाल्लंस मगो दिवसभर?" काहीच नाही, मी म्हटलं. रताळी उकडलेली तयार होती.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी खाडीवर निघाले तर माई मागून आल्या, काठी टेकत. मला वाटलं काही आणायला सांगणार. त्या होडकीजवळ येऊन थांबल्या. "माका घेवन चल."

मी म्हटलं, माई, तुमचे गुडघे, आणि ही होडकी, आणि मला नीट... त्या म्हणाल्या, "कावेरी म्हणता तू बरी मारतंस."

कावेरीने आणि मी त्यांना उचलून आत बसवलं. किती हलक्या झाल्या आहेत. पावणेदहाची भरती, पाणी उभं, वारा नाही. मी साहेबांना सांगितलं तसं सांगायला लागले, माई, खाली बसा, कडा धरा. त्या आधीच तळावर नीट बसल्या होत्या, पाठ ताठ. कडा त्यांनी धरल्याच नाहीत. दोन्ही हात मांडीवर, एक तळवा पाण्यात.

मध्यावर मी नेहमीसारखी भराभर मारायला लागले, मध्याची भीती अजून आहे. माई मागे वळल्या नाहीत. जुव्याकडे बघत म्हणाल्या, "हळू मार गो. माका घाय नाय."

मी वल्हं आडवं धरलं. होडकी आपली आपण सरकत राहिली.